आघातग्रस्त मेंदूतील स्वभक्षण-प्रक्रिया : एका संज्ञेचा विचार

(१) विषयप्रवेश

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातील कोयनानगर व आसपासचा प्रदेश भूकंपाने हादरला. या भूकंपाची महत्ता सुमारे ६.३ होती. त्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली व दीड हजारांहून अधिक जखमी झाली. कडाक्याच्या थंडीतील ती वेळ. बहुतेक लोक घरात निजलेले होते आणि घरे बव्हंशी दगडमातीच्या भिंतींची होती. पाटण खोऱ्यातील बोलीच्या नोंदी घेताना प्रस्तुत लेखकास असे आढळले की, तेथील वृद्ध माणसे आजही आयुष्यातील घटनांचा काळ ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपाच्या मागून’ असा सांगतात. आघाताचा क्षण स्मरणात राहतो. आघातानंतर जे हळूहळू घडत जाते ते मात्र सहसा सांगितले जात नाही, कारण ते एका क्षणात सामावत नाही.

कोयनेच्या धरणाचीच गोष्ट घ्या. सुमारे १०३ मीटर उंचीचे हे धरण त्या धक्क्याने पडले नाही. परंतु त्याच्या काही खंडांना तडे गेले. पुढे ते तडे भरून काढावे लागले व धरणास मागून आधार देऊन त्याचे मजबुतीकरण करावे लागले. धक्का काही सेकंदांचा होता, पण त्याने निर्माण केलेला दुरुस्तीचा प्रश्न काही वर्षे पुरला. मानवी मेंदूला बसलेल्या आघाताची रचना काहीशी अशीच असते. डोक्यावर दगड पडला, किंवा कुंभार्ली घाटाच्या एखाद्या वळणावर दुचाकी घसरून डोके आपटले, की जी इजा तत्क्षणी होते ती प्राथमिक इजा होय. तिच्यावर वैद्यकाचा इलाज चालत नाही. ती घडून गेलेली असते. परंतु त्यानंतरच्या काही तासांत आणि काही दिवसांत जी इजा वाढत जाते, ती दुय्यम इजा होय. रक्तस्राव, सूज, प्राणवायूची उणीव ही तिची परिचित कारणे आहेत. त्यांच्या जोडीला पेशींच्या पातळीवरील एक कारण गेल्या दोन-अडीच दशकांत पुढे आले आहे. पेशी आपल्या आतील मोडतोड साफ करण्याची जी व्यवस्था चालविते, तीच आघातानंतर अडखळते, असे ते कारण थोडक्यात सांगता येईल.

या व्यवस्थेस मराठीत ‘स्वभक्षण’ म्हणतात. ती प्रक्रिया काय आहे, जखमी मेंदूत तिचे काय होते, आणि तिच्यासाठी योजिलेला शब्द आपल्याला वाट दाखवितो की चुकवितो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे, जीवशास्त्राचा नव्हे. तथापि मेंदूच्या इजेचा विषय भाषेच्या अभ्यासकास परका नाही. १८६१ साली पॉल ब्रोका यांनी वाचा गमावलेल्या एका रुग्णाच्या मेंदूचे परीक्षण केले तेव्हापासून वाचाघाताचा अभ्यास हा उभय शास्त्रांचा सामाईक प्रांत झालेला आहे.

(२) शब्दाची जन्मकथा

बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९५५ साली पेशीतील एका नव्या घटकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पातळ आवरणाच्या या सूक्ष्म पिशवीत प्रथिने, मेद, शर्करा इत्यादींचे विघटन करणारी विकरे साठविलेली असतात. ‘विघटन करणारा देह’ अशा अर्थाच्या ग्रीक घटकांपासून त्यांनी तिला ‘लायसोसोम’ हे नाव दिले. मराठीत तिला ‘लयकारिका’ म्हणतात आणि हा प्रतिशब्द मूळ नावाच्या अर्थाशी उत्तम जुळतो. पुढे १९६३ साली, पेशी स्वतःचेच घटक वेढून लयकारिकेपर्यंत नेते या क्रियेस त्यांनी ‘ऑटोफॅजी’ ही संज्ञा दिली. १९७४ साली त्यांना पेशीरचनेविषयीच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

संज्ञा जन्मली, परंतु यंत्रणेचा उलगडा व्हावयास आणखी तीस वर्षे लागली. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांनी किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशी उपाशी ठेवल्या आणि त्यांच्या रिक्तिकेत पोचलेला माल पचू नये अशी योजना केली. पचन थांबल्याने माल साचला व साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसू लागला. हे निरीक्षण १९९२ साली प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी त्यांनी ही क्रिया करू न शकणारे किण्वाचे वाण वेगळे काढून तिला आवश्यक असणाऱ्या जनुकांचा माग काढला. याच जनुकांचे भाईबंद मानवी पेशीतही आहेत. या कार्यासाठी ओसुमींना २०१६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पहिल्या प्रयोगातील युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी: माल दिसला, याचे कारण तो पुढे सरकणे थांबले होते. पुढील विवेचनात या गोष्टीचे महत्त्व कळून येईल.

(३) प्रक्रियेचे टप्पे

‘स्वभक्षण’ हा एक शब्द असला तरी त्याने निर्दिष्ट होणारी क्रिया एक नाही. ती क्रियांची मालिका आहे. प्रथम पेशीद्रवात एक दुपदरी पटल उत्पन्न होते. निकामी झालेली तंतुकणिका, गुठळी झालेली प्रथिने किंवा पेशीद्रवाचा एखादा अंश यांच्याभोवती ते पटल वाढत जाते आणि अखेर त्याची तोंडे मिटतात. अशा रीतीने जी बंद पिशवी तयार होते तिला आपण ‘स्वभक्षी पुटिका’ म्हणू. तिचा व्यास साधारणतः अर्धा ते दीड मायक्रोमीटर असतो. दुसऱ्या टप्प्यात ही पुटिका पेशीतील सूक्ष्मनलिकांच्या मार्गावरून वाहून नेली जाते. तिसऱ्या टप्प्यात तिचा लयकारिकेशी संयोग होतो. चौथ्या टप्प्यात लयकारिकेतील विकरे आतील द्रव्याचे पाचन करतात, आणि पाचव्यात निघालेली अमिनो आम्ले व इतर घटक पेशीच्या वापरासाठी पुन्हा उपलब्ध होतात. या पाचही टप्प्यांतून मालाचे अखंड पुढे सरकणे म्हणजे स्वभक्षणाचा ‘प्रवाह’ होय.

ही व्यवस्था सर्वच पेशींत असते. मग मेंदूच्या बाबतीत तिचे विशेष महत्त्व का? याची दोन कारणे आहेत. त्वचेच्या किंवा यकृताच्या पेशी विभागतात, त्यामुळे साचलेला मळ दोन पेशींत वाटला जाऊन विरळ होतो. प्रौढ मेंदूतील मज्जापेशी मात्र विभागत नाही. जन्मभर त्याच घरात राहावयाचे आणि ते घर रोज झाडावयाचे, अशी तिची स्थिती असते. २००६ साली जपानमधील दोन संशोधकगटांनी उंदरांच्या मज्जापेशींतून स्वभक्षणास आवश्यक असणारे एकेक जनुक काढून टाकले. अन्य कोणतीही इजा न करता त्या पेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचल्या, पेशी ऱ्हास पावल्या आणि प्राण्यांच्या हालचालींत दोष निर्माण झाला. स्वच्छता ही मज्जापेशीची चैन नसून तिच्या जिवाची गरज आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरे कारण मज्जापेशीच्या आकाराचे आहे. तिचा अक्षतंतू काही मिलिमीटरांपासून जवळजवळ मीटरभर लांबीचा असू शकतो; लयकारिकांचा मुख्य साठा मात्र पेशीच्या मूळ देहाजवळ असतो. तंतूच्या दूरच्या टोकाशी तयार झालेली स्वभक्षी पुटिका मूळ देहाकडे वाहून आणावी लागते आणि वाटेत तिचे पाचन पुरे होत जाते. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना हेळवाकजवळ वळून कऱ्हाडी कृष्णेला मिळते. मध्ये कोठेही दरड कोसळली तर वरचा प्रवाह तुंबतो. अक्षतंतूची गत अशीच आहे. डोक्याला जोराचा हिसका बसला असता ताणले जातात ते प्रायः हेच लांब तंतू. भाषेच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे. वाक्याची जुळणी आणि शब्दार्थाचे आकलन यांत भाग घेणारी मेंदूतील क्षेत्रे एकमेकांपासून दूर असून लांब तंतूंच्या जुडग्यांनी जोडलेली आहेत. ती क्षेत्रे शाबूत असूनही त्यांच्यामधील वाटा बिघडल्या, तर ओठांवर आलेला शब्द सापडत नाही, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणता येत नाही, किंवा बोलण्याचा वेग मंदावतो.

(४) जखमी मेंदूत काय घडते?

२००५ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, डोक्यास बंद स्वरूपाची इजा झाल्यावर, म्हणजे कवटी न फुटता मार बसल्यावर, इजेच्या जागेजवळील पेशींत बेक्लिन-१ या प्रथिनाचे प्रमाण वाढते. हे प्रथिन स्वभक्षी पुटिका तयार होण्यास साहाय्य करते. त्यानंतरच्या वर्षांत अनेक प्रयोगशाळांना आघातानंतर स्वभक्षी पुटिकांची संख्या वाढलेली आढळली. मानवी मेंदूच्या ऊतींतही अशा खुणा मिळाल्या. यावरून ‘आघातानंतर स्वभक्षण वाढते’ असे विधान रूढ झाले आणि त्यापाठोपाठ दोन परस्परविरोधी मते उभी राहिली. एका पक्षाचे म्हणणे असे की, पेशी स्वतःला खाऊ लागते व त्यातच मरते. सबब ही क्रिया रोखावी. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, पेशी मोडतोड साफ करून जगण्याची धडपड करीत असते. सबब या क्रियेस उत्तेजन द्यावे. विस्मयाची गोष्ट ही की, उंदरांवरील प्रयोगांत दोन्ही पक्षांना अनुकूल असे निष्कर्ष मिळाले.

हा पेच समजण्यासाठी शिवाजीसागराचे उदाहरण उपयोगी पडेल. पावसाळ्यात वृत्तपत्रांतून जलाशयाची पातळी रोज छापून येते. एके दिवशी पातळी वाढली असे वाचल्यावर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा? नवजा आणि महाबळेश्वर येथे मुसळधार पाऊस होऊन आवक वाढली, हा एक अर्थ. आवक पूर्वीइतकीच आहे, परंतु सहा वक्र दरवाजे बंद आहेत व पोफळीच्या वीजगृहाकडे जाणारे पाणीही थांबले आहे, हा दुसरा अर्थ. पातळीचा एकच आकडा दोन्ही गोष्टी दाखवितो. आवक आणि विसर्ग यांची स्वतंत्र मोजणी केल्यावाचून तो आकडा मुका असतो.

स्वभक्षी पुटिकांची संख्या हा असाच पातळीचा आकडा आहे. ती मोजण्यासाठी बहुधा एल-सी-३ नावाच्या प्रथिनाचा आधार घेतात, कारण त्याचे एक रूप पुटिकेच्या पटलास चिकटलेले असते. हे रूप वाढले म्हणजे पुटिका अधिक तयार होत आहेत असे असेल, किंवा तयार झालेल्या पुटिका पचत नाहीत असेही असेल. यास्तव दुसरे एक प्रथिन पाहावे लागते. पी-६२ हे प्रथिन टाकाऊ मालास पुटिकेपर्यंत पोचविते व मालाबरोबर स्वतःही पचून जाते. प्रवाह सुरळीत असेल तर ते घटते. प्रवाह तुंबला असेल तर ते साचते.

२०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतील आघाताचा या दृष्टीने अभ्यास केला. इजेनंतर काही तासांतच स्वभक्षी पुटिका साचू लागल्या. परंतु त्यांबरोबर पी-६२ देखील साचले. पुटिकानिर्मितीची चालना वाढल्यामुळे हे घडले नव्हते, तर लयकारिकांचे कार्य मंदावल्यामुळे घडले होते. त्यांतील पाचक विकरांचे कार्य उणावले होते. ज्या मज्जापेशींत पुटिका तुंबल्या होत्या त्यांतच पेशीमृत्यूच्या खुणा आढळल्या. सुमारे आठवड्याभरात प्रवाह बऱ्याच अंशी पूर्ववत झाला. पुढील काळात त्याच दिशेने झालेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, आघातानंतर लयकारिकेच्या आवरणातील मेदद्रव्यांची हानी होते, आवरण झिरपू लागते आणि आतील विकरे बाहेर पडून पेशीस अपाय करू शकतात.

भूकंपग्रस्त गावाच्या दृष्टांताने बोलावयाचे तर, पडझडीचा राडारोडा पोत्यांत भरण्याचे काम चालू होते, परंतु पोती वाहून नेणाऱ्या गाड्याच मोडून पडल्या होत्या. रस्त्यात साचलेल्या पोत्यांकडे पाहून ‘सफाई जोरात चालली आहे’ असे म्हणणारा मनुष्य जितका चुकेल, तितकेच ‘आघातानंतर स्वभक्षण वाढते’ असे सरसकट म्हणणारे चुकत होते.

एवढ्याने सर्व विरोध मिटतो असे मात्र नाही. मेंदूत मज्जापेशींखेरीज सूक्ष्मश्लेषपेशीही असतात. त्या रोगप्रतिकाराचे व दाह उत्पन्न करण्याचे काम करतात. त्यांच्यातील स्वभक्षण मंदावले तर दाह अधिक भडकतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे एकाच क्रियेचा परिणाम कोणत्या पेशीत, आघातानंतर किती काळाने आणि किती तीव्र इजेत, यांवर अवलंबून राहतो. पहिल्या दिवशी लयकारिका पंगू असताना पुटिकानिर्मितीस उत्तेजन दिले तर तुंबारा वाढण्याचा संभव आहे. प्रवाह मोकळा होऊ लागल्यावर दिलेले तेच उत्तेजन उपकारक ठरू शकेल.

औषधांच्या बाजूने सर्वाधिक परिचित नाव रापामायसिनचे आहे. १९६४ साली एका कॅनडीय मोहिमेने ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतील जिवाणूपासून ते मिळाले, आणि भारतात शिकून कॅनडात गेलेले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी ते वेगळे काढून त्याचा अभ्यास केला. स्वभक्षणावर असलेला पेशीतील एक प्रमुख निर्बंध ते सैल करते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आघातानंतर ते दिलेल्या उंदरांची प्रकृती न दिलेल्यांपेक्षा बरी राहिली. परंतु हे द्रव्य रोगप्रतिकारशक्तीही दडपते आणि पेशीतील इतर अनेक क्रियांवर परिणाम करते. म्हणून गुण आला तो स्वभक्षणामुळेच, असे म्हणता येत नाही. मेंदूच्या आघातावर स्वभक्षणाच्या मार्गाने गुण देणारे असे कोणतेही औषध मानवी उपचारात अद्याप प्रस्थापित झालेले नाही. विद्यार्थ्यांनी ही मर्यादा स्पष्टपणे ध्यानात घ्यावी.

(५) संज्ञेची चिकित्सा

आता भाषेकडे वळू. ‘स्वभक्षण’ हा सामासिक शब्द दोन प्रकारे सोडविता येतो. ‘स्वतःचे भक्षण’ असा विग्रह केला तर जो खाणारा तोच खाल्ला जाणारा ठरतो आणि समग्र ‘स्व’ नाश पावतो, असे चित्र उभे राहते. ‘स्वतःमधील द्रव्याचे भक्षण’ असा विग्रह केला तर खाणारा शाबूत राहतो आणि त्याच्या ठिकाणचा एखादा अंशच खाल्ला जातो. द द्यूव यांना हा दुसरा अर्थ अभिप्रेत होता. बाहेरून आत घेतलेल्या द्रव्याच्या पचनाहून स्वतःच्या आतील द्रव्याचे पचन वेगळे दाखविण्यासाठी त्यांनी ‘स्व’ हा घटक योजिला. म्हणजे तेथे ‘स्व’ हा शब्द मालाचे मूळस्थान सांगतो. तो बळीचे नाव सांगत नाही. मराठी वाचकाच्या मनात मात्र पहिला विग्रह आधी उभा राहतो, कारण ‘आत्मघात’, ‘आत्मदहन’ यांसारख्या शब्दांनी तशी वाट पाडून ठेवलेली आहे. त्यात भर म्हणून लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ असे टोपणनाव मिळाले आणि शालेय अध्यापनात ते रुळले. लहान वयात कानी पडलेले रूपक पुढे पदव्युत्तर वर्गातही मान वर काढते.

शास्त्रीय परिभाषेत रूपक असणे हा दोष नव्हे. पेशीच्या नियत मृत्यूसाठी १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ हा शब्द योजिला गेला, तो ॲबर्डीन येथील ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांच्या साहाय्याने. त्या ग्रीक शब्दात झाडावरून पाने गळून पडण्याची कल्पना आहे. तेथे रूपक क्रियेशी जुळते: पान गळते, झाड राहते. ‘स्वभक्षण’ या शब्दात मात्र काय उरते हे दिसत नाही.

यावर ‘स्वमार्जन’ किंवा ‘स्वशोधन’ असे शब्द सुचविले जाऊ शकतात. ‘शोधन’ शब्दास मराठीत एक अडचण आहे. संस्कृतात व आयुर्वेदात त्याचा अर्थ शुद्ध करणे असा आहे. परंतु मराठीत ‘शोध’ म्हणजे धुंडाळणे हा अर्थ इतका प्रबळ आहे की, ‘स्वशोधन’ म्हटल्यावर वाचक अध्यात्माकडे वळावयाचा. ‘मार्जन’ शब्द अधिक निःसंदिग्ध आहे. सतत स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या मांजरास संस्कृतात ‘मार्जार’ म्हणतात ते याच धातूवरून, अशी व्युत्पत्ती दिली जाते. तथापि मार्जनात पुसून टाकणे येते, पुन्हा वापरणे येत नाही. आणि पचलेल्या द्रव्याचा पुनर्वापर हा तर या क्रियेचा अर्धा हेतू आहे. स्वयंपाकघरातील ओट्याची झाडपूस आणि उकिरड्याचे खत होणे यांत जो भेद आहे, तोच येथे आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, ‘स्वभक्षण’ हा रूढ झालेला शब्द बदलण्याचा खटाटोप करू नये; रूढ शब्द मोडला की जुने लेखन नव्या वाचकास परके होते. परंतु तो शब्द एकटा वापरू नये. आपला खरा दोष शब्दाच्या निवडीत नसून त्याच्या व्याकरणात आहे. ‘स्वभक्षण’ हे भाववाचक नाम आहे. अशा नामात क्रियेचा आरंभ, तिचे चालू असणे आणि तिची पूर्ती हे तिन्ही भेद पुसले जातात. मराठी क्रियापद हे भेद सहज दाखविते: ‘तो जेवावयास बसला’, ‘तो जेवत आहे’, ‘तो जेवला’. त्याऐवजी ‘त्याचे भोजन वाढले’ असे कोणी म्हणाले, तर ताटावर बसलेले लोक वाढले की खाऊन उठलेले, हे कळत नाही. पुटिकांची संख्या पाहून दोन तट पडले, त्यामागे मापनाची अडचण तर होतीच. परंतु या व्याकरणाचाही हात होता, असे म्हणावयास हरकत नाही. सबब लेखन करताना ‘पुटिकानिर्मिती’, ‘वहन’, ‘संयोग’, ‘पाचन’ आणि ‘प्रवाह’ ही पाच नामे वेगवेगळी वापरावी आणि ‘स्वभक्षण वाढले’ असे लिहिण्याऐवजी यांपैकी नेमके काय वाढले व काय तुंबले ते सांगावे.

परिभाषेविषयी आणखी एक सूचना. आपले अनेक विद्यार्थी मराठीबरोबर हिंदी ग्रंथही वाचतात. मराठीत ‘पेशी’ म्हणजे जीवशरीराचा मूळ घटक. हिंदीत त्यास ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘पेशी’ शब्दाने मांसपेशी सुचविली जाते. मराठीतील ‘स्नायू’ म्हणजे ती मांसपेशी. हिंदीत ‘स्नायु’ शब्द मज्जातंतूंच्या संदर्भातही वापरला जातो. एकाच लिपीत लिहिलेले समान शब्द दोन भाषांत निरनिराळ्या वस्तूंकडे बोट दाखवीत असतील, तर टिपणे काढताना भाषा नोंदविणे अत्यावश्यक होय.

(६) शब्दाचे व्यवहारातील परिणाम

ही चर्चा केवळ कोशकारांच्या कुतूहलाची आहे असे कोणास वाटेल. २०१६ च्या नोबेल पारितोषिकानंतर ‘उपास केला की स्वभक्षण वाढते आणि शरीर स्वतःस दुरुस्त करते’ हे वाक्य घरोघर पोचले. आपल्याकडे उपासास धार्मिक प्रतिष्ठा आहेच. तिला शास्त्राचा शिक्का मिळाल्यासारखे झाले. लेखकाच्या परिचयातील एका कुटुंबात, अपघातात डोक्यास मार बसलेल्या तरुणाला रुग्णालयातून घरी आणल्यावर, मेंदू लवकर ‘साफ’ व्हावा म्हणून दोन दिवस केवळ पाण्यावर ठेवण्यात आले. हे करणारी माणसे अडाणी नव्हती. त्यांनी वाचले होते, आणि वाचलेल्या शब्दावर विश्वास ठेवला होता. तिसऱ्या दिवशी वैद्यांना ते कळले व त्यांनी तो प्रकार बंद करविला. तरुणाचे बोलणे पुढे हळूहळू सुधारत गेले. परंतु त्या दोन दिवसांत त्यास आलेली ग्लानी घरच्यांनी गुण समजून घेतली होती, ही गोष्ट लेखकाच्या मनातून जात नाही.

आता या समजुतीतील पायऱ्या तपासून पाहू. उपासाने काही अवयवांत पुटिकानिर्मिती वाढते हे खरे आहे. परंतु २००४ साली जपानमध्ये उंदरांना उपाशी ठेवून केलेल्या पाहणीत यकृत व स्नायू यांत ती वाढ स्पष्ट दिसली, मेंदूत मात्र तशी दिसली नाही. पुढे काही प्रयोगांत याहून भिन्न निष्कर्षही निघाले. म्हणजे पहिलीच पायरी डळमळीत आहे. दुसरे असे की, आघातानंतरच्या पहिल्या दिवसांत अडचण निर्मितीची नसून पाचनाची असते, असे वर आपण पाहिले. तेव्हा निर्मिती वाढवून काय साधणार? तिसरे असे की, गंभीर इजा झालेल्या मनुष्याची ऊर्जेची गरज वाढलेली असते आणि त्याचे पोषण लवकर सुरू करावे, असाच अतिदक्षता उपचाराचा प्रघात आहे. एका शब्दाने तीन पायऱ्या झाकल्या आणि चौथ्या पायरीवर एक रुग्ण उपाशी राहिला.

(७) समारोप

आघातग्रस्त मेंदूतील स्वभक्षणाविषयी आज निश्चयाने एवढे म्हणता येते: ही व्यवस्था मज्जापेशीच्या जीवितास आवश्यक आहे, प्राण्यांवरील प्रयोगांत आघातानंतर तिचा प्रवाह तुंबलेला आढळतो, लयकारिकांची हानी हे त्या तुंबाऱ्याचे एक प्रमुख कारण आहे, आणि तो प्रवाह केव्हा, कोणत्या पेशींत व कसा मोकळा करावा हा संशोधनाचा खुला प्रश्न आहे. यांपैकी शेवटचा प्रश्न जीवशास्त्रज्ञांनी सोडवावयाचा आहे. परंतु त्यांचे उत्तर मराठी माणसापर्यंत ज्या शब्दांतून पोचणार, ते शब्द घडविण्याचे काम भाषेच्या विभागांचेही आहे.

कोयनानगरच्या परिसरात भूकंपाचे लहानमोठे धक्के आजही नोंदले जातात. कऱ्हाडजवळ खोल विंधनविवरांच्या साहाय्याने त्यांचा अभ्यास चालतो, आणि जलाशयाची पातळी, आवक व विसर्ग यांच्या स्वतंत्र नोंदी ठेवल्या जातात. धरण उभे आहे एवढ्यावर तेथील कोणी अभियंता समाधान मानीत नाही. तो रोज तिन्ही आकडे पाहतो. ज्या विद्यार्थ्यांस या विषयावर प्रबंधिका लिहावयाची असेल त्यांनी एवढेच पथ्य पाळावे: ‘स्वभक्षण’ हा शब्द लेखणीतून उतरला की थांबावे, आणि आपण पातळीविषयी बोलत आहो, आवकेविषयी की विसर्गाविषयी, हे त्याच वाक्यात लिहून मग पुढे जावे.